पासपोर्ट अमेरिकेचा, घर बंगळुरूचं, अर्ज लंडनला!

अमेरिकेत जन्मलेलं आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत वाढलेलं मराठी मूल बारावीच्या उंबरठ्यावर ‘मला ब्रिटनमध्ये अर्थशास्त्र शिकायचंय’ म्हणतं, तेव्हा आई-बाबांची झोप उडते. पण अमेरिकेहून लंडनला अर्थशास्त्र शिकायला जाण्याची वाट एका मराठी विद्यार्थ्यानं १९१६ सालीच पाडून ठेवली आहे. त्याच्या खिशात पैसे नव्हते, मनातला प्रश्न मात्र पक्का होता!

बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात उड्डाणमार्गावर चढलेली गाडी थेट इलेक्ट्रॉनिक सिटीत उतरते. सुमारे दहा किलोमीटरचा हा रस्ता २०१० साली सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिकाही इथवर येऊन पोचली. आज जिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत, तिथे १९७०च्या दशकात कोणप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही दोन गावं होती. कर्नाटक सरकारच्या ‘केऑनिक्स’ या कंपनीचे आर. के. बाळिगा यांनी इथल्या ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक उद्योगांची नगरी वसवण्याचं स्वप्न पाहिलं. तेव्हा अनेकांनी ते हसण्यावारी नेलं असेल. पण पुढे पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ साली बंगळुरूला आली, मग याच नगरीत तिचं मुख्यालय झालं आणि चित्रच पालटलं.

या नगरीत मराठी बोलणारी घरं काही कमी नाहीत. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, बेळगावहून नोकरीसाठी आलेले इंजिनिअर इथे स्थिरावले. त्यातले काहीजण मधली काही वर्षं कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत राहिले, मूल तिकडे झालं आणि मग ‘आजी-आजोबांच्या जवळ राहू या’ म्हणत कुटुंब परत आलं. मूल घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतं. गणपतीत आरतीला टाळ वाजवतं. पण कागदोपत्री ते अमेरिकन आहे! अमेरिकेच्या भूमीवर जन्मल्यानं त्याला तिथलं नागरिकत्व मिळालं. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणून हाती आलं ते ओसीआय कार्ड.

लहानपणी या कार्डानं काही बिघडत नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो बारावीच्या तोंडावर.

नेहमीचा रस्ता अरुंद झाला

मराठी मध्यमवर्गीय घरात हुशार मुलाचा रस्ता ठरलेला असतो. इंजिनिअरिंग नाहीतर मेडिकल! केंद्र सरकारनं ४ मार्च २०२१ रोजी काढलेल्या अधिसूचनेनं ओसीआय कार्डधारकांसाठी हा रस्ता अरुंद केला. ‘नीट’ आणि ‘जेईई’ या परीक्षा त्यांना देता येतात. पण केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर त्यांना हक्क सांगता येत नाही. अनिवासी भारतीयांच्या किंवा जादाच्या जागांवरच समाधान मानावं लागतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२३मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की ही अट अधिसूचनेच्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांनाच लागू होईल. म्हणजे एकाच इमारतीत राहणाऱ्या, एकाच वर्गात शिकणाऱ्या दोन मुलांचं भवितव्य कार्डावरच्या तारखेनं वेगळं होऊ शकतं. म्हणूनच घरात ओसीआय कार्ड असेल, तर आधी त्यावरची तारीख पाहा.

मग पर्याय काय? अमेरिका आहेच. पासपोर्ट असल्यानं व्हिसाची कटकट नाही. पण तिथे पदवीला चार वर्षं लागतात आणि खर्चाचा आकडा पाहून डोळे पांढरे होतात. भारतातल्या खासगी विद्यापीठांतही अर्थशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. ब्रिटनकडे ओढा वाटण्याचं साधं कारण म्हणजे इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांत हाती पडते. स्कॉटलंडमध्ये मात्र सहसा चार वर्षं लागतात, हे लक्षात असू द्या.

पण वर्षांचा हिशेब मांडताना एक मोठा फरक नजरेआड होतो. अमेरिकेतल्या कॉलेजात मुलगा पहिली दोन वर्षं इतिहास, संगीत, संगणक असं काहीही चाखून मग मुख्य विषय ठरवू शकतो. इंग्लंडमध्ये विषय अर्जातच ठरतो. अर्थशास्त्राला प्रवेश घेतला म्हणजे पहिल्या दिवसापासून अर्थशास्त्रच! सतरा वर्षांच्या पोरानं आपण काय शिकणार, हे दार उघडण्याआधी सांगायचं.

एक अर्ज, पाच विद्यापीठं, तीन प्रश्न

ब्रिटनमधल्या बहुतेक सगळ्या विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाचा अर्ज ‘युकास’ या एकाच संस्थेमार्फत जातो. एका अर्जात पाच ठिकाणं निवडता येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोघांपैकी मात्र एकच निवडायचं. आपण आणखी कुठे अर्ज केलाय, हे त्या वेळी कोणत्याही विद्यापीठाला कळत नाही. पण मुलानं स्वतःबद्दल लिहिलेलं निवेदन मात्र पाचही ठिकाणी तेच जातं. त्यामुळे एका ठिकाणी अर्थशास्त्र आणि दुसरीकडे मानसशास्त्र, असा दोन दरडींवर पाय ठेवता येत नाही.

हे निवेदन म्हणजे अर्जाचा प्राण! पूर्वी तो एकसलग निबंध असे. २०२६च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले आहेत. हाच विषय का शिकायचाय? आतापर्यंतच्या अभ्यासानं त्यासाठी काय तयारी झाली? आणि शाळेबाहेर त्यासाठी काय केलं? तिन्ही उत्तरं मिळून चार हजार अक्षरांत आवरायची. जागा आणि विरामचिन्हंही त्यातच मोजली जातात.

अमेरिकन कॉलेजांना मुलाची एकूण घडण पाहायला आवडते. तो फुटबॉल खेळतो का, तबला वाजवतो का, वस्तीतल्या मुलांना शिकवतो का, याला तिथे वजन असतं. ब्रिटिश प्राध्यापकाला तबल्याचं कौतुक असेलही, पण त्याला पाहायचं असतं ते विषयावरचं प्रेम. कोणतं पुस्तक वाचलंस, त्यातलं काय पटलं नाही आणि का पटलं नाही, हे तो शोधतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज मुलाखतही घेतात. तिथे पाठ केलेलं उत्तर दोन मिनिटांत उघडं पडतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, म्हणजेच एलएसई, मुलाखत घेत नाही. तिथे तुमच्या वतीनं बोलतात ते फक्त हे निवेदन, गुण आणि शिक्षकांचं शिफारसपत्र.

अनेक पालकांना आणखी एका गोष्टीचा धक्का बसतो. केंब्रिज किंवा एलएसईच्या अर्थशास्त्राला शाळेत अर्थशास्त्र घेतलेलं असण्याची सक्ती नाही. सक्ती आहे ती गणिताची! ‘कॉमर्स घेतलं, गणित सोडलं’ असं झालं असेल, तर हे दार तिथेच बंद होतं. सीबीएसईच्या शाळेत ‘उपयोजित गणित’ असा वेगळा विषय असतो. तो चालेल की नाही, हे अकरावीत विषय निवडण्याआधीच त्या त्या विद्यापीठाला विचारावं. अमेरिकन पद्धतीच्या शाळेतल्या मुलांचं नुसतं हायस्कूल डिप्लोमावर भागत नाही. त्यांच्याकडून ‘एपी’ या वरच्या पातळीच्या परीक्षा मागितल्या जातात आणि त्यात कॅल्क्युलसचा पेपर महत्त्वाचा. शिवाय केंब्रिज आणि एलएसईच्या अर्थशास्त्रासाठी ‘टीएमयूए’ नावाची गणिताची वेगळी परीक्षा आहे. पंचाहत्तर मिनिटांचे दोन पेपर, प्रत्येकी वीस प्रश्न, आणि कॅल्क्युलेटरला मनाई!

गुण आणि परीक्षा यांची तयारी क्लास लावून होते. अडतं ते पहिल्या प्रश्नापाशी. हाच विषय का? या प्रश्नाचं उत्तर कसं असावं, ते पाहायचं तर शंभराहून अधिक वर्षं मागे जायला हवं.

१९१६चा अर्जदार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्याला घटनेचे शिल्पकार म्हणून ठाऊक आहेत. पण ते आधी अर्थतज्ज्ञ होते, हे आपण पटकन विसरतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतलेले भीमराव १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. अमेरिकन विद्यापीठाच्या मोकळेपणाचा त्यांनी पुरेपूर फायदा उठवला. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र या सगळ्यांचे वर्ग त्यांनी केले. पण मुख्य ओढ अर्थशास्त्राची. या एका विषयाचे तब्बल २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले! १९१५ साली ते एम.ए. झाले.

१९१६ साली ते लंडनला आले आणि एलएसईत त्यांनी नाव नोंदवलं. त्याच वेळी ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यासही सुरू केला. एलएसईच्या त्यांच्या अभ्यासक्रमाची फी होती १० पौंड १० शिलिंग. म्हणजे बडोद्याच्या एका महिन्याच्या शिष्यवृत्तीपेक्षाही कमी! मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, हॉबहाउस यांच्याकडे समाजशास्त्र असे वर्ग त्यांनी सुरू केले.

पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली शिक्षण अर्धवट सोडून त्यांना मायदेशी परतावं लागलं. पहिलं महायुद्ध पेटलं होतं. त्यांची पुस्तकं ज्या जहाजानं येत होती, ते जर्मन पाणबुडीनं बुडवलं. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेचे चटके असे बसले, की राहायला जागा मिळेना. मागे राहिली होती ती एकच आशा. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची लंडन विद्यापीठानं दिलेली परवानगी!

गिनी महागली, पण जिद्द तीच

भीमरावांनी ती चार वर्षं वाया घालवली नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८पासून त्यांनी अर्थशास्त्र शिकवलं आणि पगारातून पै-पै साठवली. परळच्या चाळीत रमाबाई ओढाताणीत संसार रेटत होत्या. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज मदतीला धावले. कोलंबियातले मित्र नवल भथेना यांनी कर्जाऊ रक्कम दिली. अशी पुंजी जमवून १९२०च्या सप्टेंबरअखेर भीमराव पुन्हा एलएसईच्या दारात उभे राहिले. या वेळी फी होती ११ पौंड ११ शिलिंग. बरोबर एक गिनी महागली होती.

त्यांच्यासाठी कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिलं होतं. या विद्यार्थ्यानं एवढं आधीच शिकून ठेवलंय, की आता त्यानं जिंकावं असं इथे काही उरलेलं नाही, अशा अर्थाचा अभिप्राय फॉक्सवेल यांनी एलएसईच्या कार्यालयाला कळवला. पण भीमरावांना नुसती पदवी नको होती. त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

१९२१ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवहारावर प्रबंध लिहून ते एम.एस्सी. झाले. मग त्यांनी हात घातला थेट रुपयाला! त्या काळी रुपयाचा दर इंग्लंडच्या चलनाशी बांधलेला असे आणि सरकारचा सारा भर लंडनच्या बाजारातला तो दर सांभाळण्यावर. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या गाजलेल्या अर्थतज्ज्ञानं या व्यवस्थेची १९१३च्या आपल्या पुस्तकात बाजू घेतली होती. भीमरावांचं म्हणणं उलटं होतं. रुपयानं लंडनमध्ये किती पेन्स मिळतात, यापेक्षा त्या रुपयात इथल्या बाजारात किती धान्य येतं, हे महत्त्वाचं. किमती चढल्या की हातावर पोट असलेला माणूस आधी भरडला जातो. म्हणून सरकारच्या मर्जीनं रुपये पाडता येणार नाहीत, अशी बंधनं हवीत.

हा प्रबंध सहज मंजूर झाला नाही. १९२३ साली तो पुन्हा सादर करावा लागला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याला मान्यता मिळाली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावानं तो लगेच पुस्तकरूपात आला. प्रस्तावना लिहिली त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. गंमत म्हणजे आपले शिष्याशी अनेक मुद्द्यांवर मतभेद असल्याचं कॅनन यांनी त्यात मोकळेपणानं सांगितलं आणि त्याच्या विचारांतल्या ताजेपणाला दादही दिली! पुढे हिल्टन यंग आयोग हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करायला आला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या ज्या घरात ते राहत, ते २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. लंडनला जाणारं मराठी कुटुंब आज तिथे आवर्जून जाऊन येतं.

त्याच काळात धनंजयराव गाडगीळही केंब्रिजमध्ये शिकत होते. हिंदुस्थानच्या औद्योगिक वाटचालीवरचा त्यांचा तिथला अभ्यास १९२४ साली पुस्तक होऊन आला आणि १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली, तेव्हा तिची सूत्रं त्यांच्याकडे आली. दोघांनीही इंग्लंडमध्ये अभ्यास केला तो आपल्या घरच्याच प्रश्नाचा!

प्रश्न दाराशीच आहेत

आजच्या सतरा वर्षांच्या मुलाकडून कुणी प्रबंधाची अपेक्षा करत नाही. पण ‘मला लहानपणापासून अर्थशास्त्राची आवड आहे’ या वाक्यानं कुणाचं समाधानही होत नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या मुलाला तर प्रश्न शोधायला लांब जायची गरजच नाही. घरात डॉलर वधारला की बाबा खूश होतात आणि परदेशी शिक्षणाचा हिशेब मांडणारी आई चिंतेत पडते. असं का? २०२४च्या उन्हाळ्यात बंगळुरूत पाण्याचा ठणठणाट झाला आणि टँकरचे दर प्रशासनाला ठरवून द्यावे लागले. दर बांधून दिल्यावर पाणी जास्त मिळतं की टँकरच गायब होतात? गावाची जमीन उद्योगनगरी झाली, तेव्हा पैसा कुणाकडे गेला आणि कुणाकडे नाही? यातला एक प्रश्न मुलानं मनापासून धरावा, त्यावर दोन-चार चांगली पुस्तकं वाचावीत, आकडे जमवावेत, आपलं मत बनवावं आणि ते चुकलं तर बदलावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मग आपोआप लिहून होतं.

हे निवेदन हजारो रुपये घेऊन लिहून देणारी मंडळी आहेत. त्यांच्या नादी लागू नका. युकास प्रत्येक निवेदन इतर निवेदनांशी ताडून पाहते आणि नक्कल आढळली तर विद्यापीठांना कळवते. शिवाय उसन्या उत्तरावर प्रवेश मिळाला, तरी पुढची तीन वर्षं मुलालाच काढायची असतात. आई-बाबांनी हट्टानं निवडलेल्या विषयाचंही तसंच.

आणि पैशाचं काय?

इथे अमेरिकन पासपोर्टचा काहीच उपयोग होत नाही. अमेरिकन असो की भारतीय, ब्रिटनसाठी दोघेही परदेशी. इंग्लंडमधल्या स्थानिक विद्यार्थ्याला २०२५-२६ साली वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड फी होती. परदेशी विद्यार्थ्याला नावाजलेल्या विद्यापीठांत अर्थशास्त्रासाठी २५ हजार पौंडांच्या वरच मोजावे लागतात. राहण्या-जेवण्याचा खर्च लंडनमध्ये महिन्याला दीड हजार पौंडांच्या आसपास धरावा. लंडनबाहेर तो कमी होतो. व्हिसासोबत आरोग्य सेवेचा अधिभारही आगाऊ भरावा लागतो. एका महिन्याच्या शिष्यवृत्तीत फी भागण्याचे दिवस गेले!

पासपोर्टचा फायदा होतो तो दुसऱ्या बाजूनं. अमेरिकन सरकारचं विद्यार्थी कर्ज ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत चालतं. त्यासाठी ‘फाफ्सा’ हा अर्ज भरायचा. अमेरिकेत असताना मुलाच्या नावानं ‘५२९’ बचत खातं उघडलं असेल, तर तो पैसाही मान्यताप्राप्त परदेशी विद्यापीठाच्या फीसाठी वापरता येतो. पदवीनंतर ब्रिटनमध्ये नोकरी शोधायला दोन वर्षं मिळत आली आहेत. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी ही मुदत अठरा महिन्यांवर येणार आहे. त्यामुळे ‘तिकडे नोकरी लागेल आणि कर्ज फिटेल’ या एकाच भरवशावर घर गहाण टाकू नये.

भीमरावांच्या मागे एक राजा उभा राहिला, दुसरा राजा धावून आला, एका मित्रानं कर्ज दिलं आणि घरी रमाबाईंनी अर्धपोटी दिवस काढले. पैसा असा चारी बाजूंनी गोळा झाला. प्रश्न मात्र त्यांना कुणी उसना दिला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता, आणि म्हणूनच शिष्यवृत्ती संपली, पुस्तकं समुद्रात बुडाली, प्रबंध परत आला, तरी तो सुटला नाही.

अर्ज करण्याआधी हे पाहा

• ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी शेवटची तारीख १५ ऑक्टोबर असते. इतर बहुतेक विद्यापीठांसाठी जानेवारीतली. त्या वर्षीची नेमकी तारीख युकासकडून पाहून घ्या.

• गणित सोडू नका. शाळेतलं गणित चालेल का, हे अकरावीतच विचारा.

• टीएमयूएची नोंदणी वेगळी करावी लागते. केंब्रिजसाठी ऑक्टोबरचीच परीक्षा द्यावी लागते.

• बारावीत किती गुण मिळतील, याचा अंदाज शाळा कळवते. त्यावर मिळणारा प्रवेश बहुधा सशर्त असतो. शेवटच्या परीक्षेत गुण घसरले, तर जागा जाऊ शकते.

• हाती आलेल्या प्रवेशांपैकी एक पक्का आणि एक राखीव ठेवता येतो. राखीव जागा कमी गुणांची अट असलेली निवडा.

• अमेरिकन पासपोर्ट असला, तरी ब्रिटनमध्ये पदवी शिकायला विद्यार्थी व्हिसा लागतोच.